राहिलेल्या दोन सुया

बत्तीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मुलं पास झाली, नापास झाली, काही परदेशी गेली, आणि एक माणूस माझ्या शिकवण्यानं मेला. हे वाक्य वाचून नंदिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "असं कुणी लिहितं का?" लिहितं की. ज्याला दुसरं काही करता येण्यासारखं उरलेलं नाही, तो लिहितो.

तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले गुंडूअण्णा. ते माझे विद्यार्थी नव्हते. चौथीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. राधानगरीकडच्या एका वाडीतून अठराव्या वर्षी दोन म्हशी हाकत ते पायी कोल्हापुरात आले, आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याचा गोठा घालून राहिले. दोनाच्या सात म्हशी झाल्या. लग्न झालं, धोंडुबाई आल्या, एकुलती एक मुलगी संयोगिता झाली. गोठ्यालगतच दोन खोल्यांचं घर झालं. एवढंच त्यांचं चरित्र, आणि ते त्यांना भरपूर वाटायचं.

दिवेलागणीला ते दोन म्हशी कोपऱ्यावरच्या दूध कट्ट्यावर आणून उभ्या करायचे. बाहेरगावच्यांना याचं फार नवल वाटतं. आपण पेला धरून उभं राहायचं, गवळी आपल्यासमोर धार काढतो, आणि कोमट फेसाळ दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. गुंडूअण्णांचा आवाज असा की पंचगंगेपलीकडं ऐकू जावा. नव्या गिऱ्हाइकाला ते आधी दम भरायचे, "पावणं, पेला धुऊन घ्या. म्हस सोच्छ हाय, तुमचा भरवसा न्हाय." लोक हसायचे आणि मुकाट्यानं पेला धुवायचे. मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत असे. दूध हे निमित्त. मला तिथं बसायला आवडायचं ते अण्णांच्या प्रश्नांमुळं.

धार काढता काढता मान न वळवता ते विचारायचे, "गुरुजी, दूध उतू जातंय, मग पाणी का जात न्हाय?" किंवा, "गुरुजी, म्हस काळी, दूध पांढरं, ह्ये कसं?" मी उत्तर द्यायचो आणि ते म्हशीला सांगायचे, "ऐकलंस का गं? गुरुजी काय म्हणत्यात बघ." शाळेतल्या पोरांनी मला असं कधी ऐकलं नाही. मला त्याची चटक लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यांनी विचारलं आणि मला उत्तर आलं नाही असं कधी झालं नाही. म्हणजे येत नसलं तरी मी देत असे.

अठ्ठ्याण्णव साली गोठ्यात त्यांच्या पायात गंजका खिळा गेला. त्यांनी तो उपटून फेकून दिला आणि कामाला लागले. आठवड्यानं एके सकाळी भाकरीचा घास घ्यायला तोंड उघडेना. धोंडुबाईंना वाटलं, दाढ धरली असेल. दुपारी त्यांची मान मागं ओढली जायला लागली आणि पाठ अशी वाकली की गाडीत झोपवतासुद्धा येईना. धनुर्वात. सरकारी दवाखान्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत ते सव्वीस दिवस होते. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, कारण उजेड दिसला तरी झटका यायचा, भांडं वाजलं तरी यायचा. डॉक्टरांनी दोनदा आशा सोडली होती.

आणि अण्णा जगले. घरी आले तेव्हा अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण गल्लीनं त्यांना हार घातला. यमाच्या हातावर तुरी दिल्या म्हणून जो तो बघायला येत होता. त्या गर्दीत धोंडुबाई एक कागद घेऊन माझ्याकडं आल्या.

"गुरुजी, घरी सोडताना दवाखान्यात येक सुई दिल्या. आनी दोन घ्या म्हणाल्यात, येक म्हैन्यानं आनी येक सा म्हैन्यानं. धनुर्वाताचीच म्हणं."

"आता कशाला?" मी म्हणालो.

"ते म्हणाले, घ्यायाच पायजेत."

खाटेवर पडलेले अण्णा माझ्याकडं बघत होते. चार माणसं उभी होती. मला चेव आला. मी विचारलं, "धोंडुबाई, गोवर एकदा येऊन गेला की परत येतो का?"

"न्हाय."

"कांजिण्या?"

"न्हाय येत."

"मग झालं तर. एकदा रोग होऊन गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. परत आला की दारातच हाणतं. लस म्हणजे तरी काय, रोगाची खोटी ओळख. अण्णांची तर खरीच ओळख झालीय, तीही सव्वीस दिवस. यांना आता जन्मात धनुर्वात व्हायचा नाही."

हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवत होतो, आणि गोवराच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. धनुर्वाताच्या बाबतीत काय आहे, ते मी पाहिलं नव्हतं. एक पुस्तक काढून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण सगळे माझ्याकडं बघत होते, आणि अण्णा खाटेवरून हसले. "म्हंजे माझ्या रगतातच आता लस हाय म्हणा की." धोंडुबाईंनी कागदाची घडी घातली. राहिलेल्या दोन सुया राहिल्या.

पुढं सव्वीस वर्षं अण्णांनी ही गोष्ट पदकासारखी मिरवली. कधी तार लागली, कधी म्हशीचं शिंग लागलं, कधी विळा. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, सुई घ्या. प्रत्येक वेळी अण्णा जखमेत शेणीची राख दाबायचे आणि कट्ट्यावर ओरडायचे, "धनुर्वात मला बघून रस्ता बदलतंय! इचारा गुरुजींस्नी!" लोक माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायचो. एवढ्या वर्षांत त्यांना काही झालं नाही, हाच मला पुरावा वाटायचा. नुसतं दैव होतं ते, पण मी त्याला विज्ञान समजलो.

गेल्या वर्षीची दिवाळी. कोल्हापुरात पाडवा हा जितका नवराबायकोचा, तितकाच म्हशींचा सण. आठ दिवस आधीपासून म्हशींना भादरतात, तेल चोळतात, शिंगं तासून रंगवतात, मोरपिसं आणि कवड्या बांधतात. मग मिरवणूक. मालक पुढं गाडीवर, गाडीचा सायलेन्सर काढलेला, आणि त्या फाटक्या आवाजामागं म्हैस धावते. अण्णा सदुसष्ट वर्षांचे, त्यांना गाडी नको होती. ते गर्दीच्या टोकाला उभे राहायचे आणि एकदा हाक मारायचे, "काजळीऽऽ!" आणि त्यांची काजळी शंभर म्हशींतून, ताशांतून, गाड्यांच्या धडधडाटातून नीट त्यांच्यापाशी यायची. हे बघायला मी दर वर्षी जात असे. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी धुराला दोष द्यायचो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गोठ्यातच होतो. अण्णा काचेच्या तुकड्यानं काजळीची शिंगं तासत होते. तिनं मान झटकली, काच निसटली आणि अंगठ्याखालच्या मांसात खोल गेली. रक्त वाहायला लागलं. त्यांनी नेहमीसारखी राख मागितली. दिवाळीला माहेरी आलेली संयोगिता पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"बाबा, राख नगं. चला, दवाखान्यात जाऊन सुई घिऊन येऊ. पाच मिनटांचं काम हाय."

"गप गं. मला काय हुतंय?"

मग ती माझ्याकडं वळली. इचलकरंजीला दिलेली, दोन मुलांची आई, पण लहानपणी माझ्याकडं गणित शिकायला यायची तशीच उभी होती. "गुरुजी, तुमी सांगा की ह्यांना. तुमचंच ऐकतील."

हे खरं होतं. मी "जा" म्हटलं असतं, तर अण्णा शिव्या देत का होईना, गेले असते. मी हसलो. म्हणालो, "अगं, त्यांना तो एकदा होऊन गेलाय. तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांचं रक्त पक्कं आहे."

अण्णांनी विजयी मुद्रेनं लेकीकडं बघितलं आणि राख दाबली.

पाडव्याला काजळी त्यांच्या हाकेला आली. काच लागल्यापासून नवव्या दिवशी संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो, तेव्हा ते म्हशीजवळ नुसतेच उभे होते आणि माझ्याकडं बघून हसत होते. ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, दात दिसत होते. मी म्हणालो, "काय अण्णा, आज फार खुशीत?" ते बोलले नाहीत. तसेच हसत राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा मला कळलं की ते हसत नव्हते. जबडा आवळला होता, आणि चेहरा त्यांचा उरला नव्हता. काजळी दोन पावलं पुढं गेली. तिला हाक मारायला त्यांनी श्वास घेतला, आणि दातांच्या फटीतून नुसती वाफ बाहेर आली.

मी रिक्षा आणली. खाजगी इस्पितळात डॉक्टर स्नेहल होती, माझीच विद्यार्थिनी, दहावीला विज्ञानात पहिली आलेली. तिनं अण्णांना बघितलं, जखम बघितली, आणि हळू आवाजात भराभर सूचना दिल्या. मग खोलीतले दिवे मालवायला लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला बाहेर व्हरांड्यात भेटली.

मी विचारलं, "पण त्यांना एकदा होऊन गेला होता. मग परत कसा?"

"सर, धनुर्वात कितीही वेळा होऊ शकतो," ती म्हणाली. "होऊन गेल्यानं प्रतिकारशक्ती येतच नाही."

ती समजावून सांगू लागली, मी तिला एके काळी सांगायचो तसं, सोपं करून. जंतू जखमेतच बसून राहतात, ती म्हणाली, अंगात पसरत नाहीत. ते नुसतं विष सोडतात. ते विष इतकं जहाल, की माणूस मारायला मिठाच्या एका कणाचा शंभरावा भागही लागत नाही. गोवरात शरीराला शत्रू लाखोंनी दिसतात, म्हणून ते त्यांना ओळखायला शिकतं. इथं जीव घेण्याइतकं विष येतं, पण रक्तातल्या पहारेकऱ्यांना चाहूल लागावी इतकंही ते नसतं. त्यातून ते नसांत शिरतं. तिथं गेल्यावर पहारेकऱ्यांचा हात पोचत नाही, आणि आमच्या औषधाचाही नाही.

"आणि लस?" मी विचारलं.

"लस म्हणजे तेच विष, सर. त्याचा विखार काढून टाकलेला असतो, म्हणून ते भरपूर देता येतं. तेवढं दिलं की शरीराला दिसतं, आणि ते तयारीला लागतं. म्हणून तर धनुर्वातातून बरं झालेल्या माणसाला आम्ही लस द्यायलाच सांगतो. अण्णांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. सुया कुणी अडवल्या ते गाळलं.

"मग त्या वेळी ते वाचले कसे?" मी घाईनं विचारलं.

"विष काही परत निघत नाही. नसांना नवी टोकं फुटायला आठवडे लागतात. तेवढे आठवडे कुणीतरी त्यांना जिवंत ठेवलं, एवढंच. तेव्हाच्या नर्सेसना नमस्कार करायला पाहिजे."

म्हणजे अण्णांनी काहीच जिंकलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या रक्ताचा त्यांनी डंका पिटला, त्या रक्ताला आपल्यावर हल्ला झाला होता हेच माहीत नव्हतं. आणि तो डंका त्यांच्या गळ्यात मी अडकवला होता.

घशात नळी घालून त्यांना यंत्रावर ठेवण्याआधी तीन दिवस मिळाले. या रोगात माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. सगळं ऐकतो, सगळं समजतं. मी अंधारात त्यांच्या खाटेजवळ बसायचो. ठरवून जायचो, आज सांगायचं. अण्णा, मी चुकलो, मला माहीत नव्हतं आणि मी बोललो. मग त्यांच्याकडं बघायचो. रस्त्यावरून सायलेन्सर काढलेली एखादी गाडी गेली, की त्यांची पाठ खाटेवरून कमानीसारखी उचलली जायची आणि कपाळावर घाम फुटायचा. ज्या आवाजामागं त्यांची म्हैस धावायची, तो आवाज त्यांची हाडं मोडत होता. मी स्वतःला म्हणायचो, आता नको, मनावर ताण आला तर झटका येईल. कारण खरं होतं. ते मला सोयीचंही होतं, आणि मी ते तीनही दिवस वापरलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोट हलवून मला जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यांनी माझ्या हातावर नुसतं थोपटलं. मला वाटलं, धीर मागताहेत. मी म्हणालो, "बरे व्हाल, अण्णा." तेही मला माहीत नव्हतं.

इस्पितळातल्या अकराव्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं. पंचगंगेच्या घाटावर त्यांना शेणींवर निजवलं तेव्हा अर्धी गल्ली होती, आणि कट्ट्यावरची कितीतरी गिऱ्हाइकं, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती.

ते गेल्यावर चौदाव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. धोंडुबाई गोठ्याच्या दाराशी बसून पेंड भिजवत होत्या. संयोगिता आत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गोवराचं सांगितलं, राहिलेल्या सुयांचं सांगितलं, पाडव्याच्या आदल्या दिवसाचं सांगितलं. "वहिनी, अण्णा माझ्यामुळं गेले," असं म्हणालो आणि मला रडू फुटलं. सत्तरीचा माणूस, गल्लीत, भर सकाळी. त्यांनी मला रडू दिलं.

मग पाटीतला हात न काढता त्या म्हणाल्या, "ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"त्या डाक्टरीणबाईनंच. पैल्या दिशी. संयोगीनं इचारलं, तवा तिनं सगळं फोडून सांगितलं, खाटंपाशीच. ह्ये ऐकत हुते की."

मी तिथंच दगडावर बसलो.

"अण्णांनी ऐकलं?"

"व्हय. तवा थोडं बोलाय येत हुतं, दातातनं. मला म्हणाले, गुरुजींस्नी ह्यातलं कायबी बोलू नगं. मनाला लावून घेतील. आनी कट्ट्यावर यायचं बंद करतील."

आत काजळी हंबरली. मी काहीतरी पुटपुटलो. ते किती मोठे होते, असलं काहीतरी. धोंडुबाईंनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते.

"त्यो त्येंचा सभाव, गुरुजी. त्येंनी तुमाला कवाच माफ केलं. माझं तसं न्हाय." त्यांनी हात झटकला. "ठाव नव्हतं, तर ठाव न्हाय म्हणायचं हुतं की ओ. आमी डाक्टरचं ऐकलं असतं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पाटी कमरेवर घेऊन आत गेल्या. म्हशींना खायला घालायची वेळ झाली होती.